सात सांगाडे आणि तीन माणसं: 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'मधल्या शेवटच्या लढाईचं प्रकरण

कोल्किसचा राजा एईटीस हायड्राचे, म्हणजे अनेक डोक्यांच्या राक्षसी सर्पाचे, दात खडकाळ जमिनीवर फेकतो. जमीन तडकते आणि एकेका फटीतून ढाल आणि शस्त्र घेतलेला एकेक सांगाडा वर येतो. बघता बघता सात होतात. समोर उभी आहेत तीन माणसं, जेसन आणि त्याचे दोन साथीदार. सांगाडे लगेच तुटून पडत नाहीत. गुडघ्यात वाकून, अंदाज घेत, पाऊल पाऊल पुढे सरकतात. मग एकदम किंचाळतात आणि धावत सुटतात.

१९६३ सालच्या 'जेसन अँड द आर्गोनॉट्स' या चित्रपटातला हा शेवटचा मोठा प्रसंग. दिग्दर्शक डॉन चॅफी, निर्माता चार्ल्स श्नियर, वितरण कोलंबिया पिक्चर्सचं. पण हा चित्रपट ओळखला जातो तो रे हॅरीहाउसेनच्या नावाने, म्हणजे ज्याने यातले सगळे अचाट प्राणी हाताने हलवले त्याच्या नावाने.

ॲनिमेशन शिकणाऱ्यांना हा प्रसंग चिकाटीचा नमुना म्हणून दाखवतात. एका माणसाने साडेचार महिने एकट्याने बाहुल्या हलवल्या, हे ऐकून कुणीही थक्क होईल. मला मात्र त्या साडेचार महिन्यांच्या आधीचा काळ जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिली बाहुली हलण्यापूर्वी चार-पाच निर्णय झाले होते. त्यातले काही फार शहाणपणाचे होते, आणि एक-दोन असे होते की त्यांची किंमत चित्रपटाने पुढे मोजली.

## पार्श्वभूमी

हॅरीहाउसेनचा जन्म १९२० साली लॉस एंजेलिसमध्ये झाला. १९३३ साली, तेराव्या वर्षी, त्याने 'किंग काँग' पाहिला आणि तो माकड हलतो कसा या एका प्रश्नाने त्याला झपाटलं. घरीच प्रयोग सुरू झाले. वडील यंत्रकामात तरबेज होते. बाहुल्यांच्या आतले धातूचे सापळे बनवायला ते मदत करायचे, आई कपडे शिवून द्यायची. पुढे 'किंग काँग' घडवणाऱ्या विलिस ओब्रायनच्याच हाताखाली त्याने 'मायटी जो यंग' या १९४९ सालच्या चित्रपटावर काम केलं. १९५५ पासून श्नियर आणि तो यांची जोडी जमली. श्नियर पैसा उभा करायचा आणि हॅरीहाउसेन राक्षस.

१९५८ साली या जोडीने 'द सेव्हन्थ व्हॉयेज ऑफ सिंदबाद' काढला. त्यात सिंदबादची एका सांगाड्याशी तलवारबाजी होती. प्रेक्षकांनी ती डोक्यावर घेतली. नंतर हॅरीहाउसेन लंडनला राहायला गेला. माणसाची आकृती वेगळी काढून दुसऱ्या चित्रात बसवण्याची पिवळ्या पडद्याची एक उत्तम पद्धत तिथल्या रँक प्रयोगशाळेत उपलब्ध होती, हे त्यामागचं मोठं कारण.

पुढचा विषय ठरला ग्रीक पुराणातला. जेसनची कथा आपल्यापर्यंत सविस्तर पोचते ती इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या अपोलोनियसच्या महाकाव्यातून. बळकावलेलं राज्य परत मिळवायचं असेल तर जगाच्या टोकाला असलेल्या कोल्किसहून सोनेरी लोकर आण, असं पेलियस राजा जेसनला सांगतो. जेसन आर्गो नावाचं जहाज बांधून घेतो, ग्रीसमधले वीर गोळा करतो आणि निघतो.

चित्रीकरण १९६१ साली इटलीत झालं. दक्षिणेकडचं पालिनुरो हे समुद्रकाठचं गाव, त्याचे कडे आणि किनारे; आंधळ्या फिनियसला छळणाऱ्या हार्पींच्या, म्हणजे पंख असलेल्या राक्षसिणींच्या, प्रसंगासाठी पेस्टुमची खरीखुरी ग्रीक देवळं; आणि आतल्या दृश्यांसाठी रोममधला स्टुडिओ. या काळातली एक हकिकत प्रसिद्ध आहे. आर्गो जहाजाचं दृश्य घेण्याची सगळी तयारी झाली, आणि चौकटीत भलतंच जहाज शिरलं. सोळाव्या शतकातल्या फ्रान्सिस ड्रेकवर एक दूरचित्रवाणी मालिका जवळच चित्रित होत होती, तिचं 'गोल्डन हाइंड' भूशिराला वळसा घालून थेट ग्रीक पुराणात आलं होतं.

## अडचण

कथेच्या शेवटी जेसनपुढे शेवटचा अडसर हवा होता. तो कसा असावा, हा प्रश्न वरवर पाहता पटकथेचा. प्रत्यक्षात त्यात चार वेगवेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या होत्या.

एक म्हणजे स्वतःचीच मागची कामगिरी. सिंदबादने एका सांगाड्याला हरवलं होतं आणि प्रेक्षकांना ते आठवत होतं. तेच पुन्हा दाखवलं असतं तर लोक म्हणाले असते, हे पाहिलंय.

दुसरी अडचण बाजाराची. स्टीव्ह रीव्ह्जच्या 'हर्क्युलिस'ने १९५८-५९ मध्ये अफाट धंदा केल्यावर इटलीतून पिळदार दंडांच्या वीरांचे चित्रपट धडाधड येऊ लागले होते. चिलखत, भाले, संगमरवरी खांब हे सगळं प्रेक्षकांच्या ओळखीचं आणि हळूहळू कंटाळ्याचंही झालं होतं.

तिसरी, सेन्सॉर. ब्रिटनमध्ये सिंदबादच्या चित्रपटातली सांगाड्याची लढाई मुलांसाठी फार भीतिदायक ठरवून कापली गेली होती. ज्या प्रसंगासाठी चित्रपट ओळखला जावा तोच एका देशातल्या मुलांना दिसला नाही. नवा चित्रपटही सगळ्या कुटुंबाने एकत्र पाहावा असाच बनत होता.

आणि चौथी, तंत्राची. सिंदबादची झुंज गुहेच्या अंधारात, आतल्या सेटवर होती. इथे जागा होती उघड्या कड्यावरच्या देवळाच्या पडक्या अवशेषांची, वेळ भर दिवसाची. उन्हात सावल्या ठळक पडतात. स्टुडिओतल्या दिव्यांखाली ठेवलेली वीतभर बाहुली आणि इटलीच्या उन्हात उभा असलेला नट यांच्या अंगावरचा उजेड एकसारखा दिसला नाही, तर डोळा तत्क्षणी ओळखतो.

## कोणते पर्याय होते

अपोलोनियसच्या काव्यात ड्रॅगनचे दात पेरल्यावर जमिनीतून हाडामांसाचे सशस्त्र योद्धे उगवतात. जेसनच्या प्रेमात पडलेल्या कोल्किसच्या राजकन्येने, मिडियाने, आधीच युक्ती सांगून ठेवलेली असते. जेसन त्यांच्या मध्ये एक मोठा धोंडा फेकतो, ते एकमेकांवरच तुटून पडतात आणि कापून मरतात. हे जसंच्या तसं घेणं सगळ्यात स्वस्त. शे-दोनशे कलाकारांना चिलखतं चढवली की काम झालं. पण ते दृश्य त्या वर्षीच्या कुठल्याही इटालियन चित्रपटात खपून गेलं असतं. हॅरीहाउसेनसारख्या माणसाला मग तिथे करण्यासारखं काहीच उरलं नसतं.

दुसरी कल्पना जमिनीतून सडलेली प्रेतं उठवण्याची. तिचा विचार झाला होता, आणि तसं केलं असतं तर ब्रिटनमध्ये फक्त प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र मिळालं असतं, असं हॅरीहाउसेनने नंतर सांगितलं आहे. म्हणजे मुलं बाहेर. ही कल्पना तिथेच संपली.

तिसरा पर्याय सांगाड्यांचा. हाडं प्रेतासारखी किळस आणत नाहीत. त्यांना वास नाही, रक्त नाही, वेदना नाही. तलवारीने मुंडकं उडालं तरी कवटीच घरंगळते, लहान मूल ते बघू शकतं. आणि सांगाड्याची भूमिका माणसाला करताच येत नाही. काळ्या कपड्यावर पांढरी हाडं रंगवली तरी आतला देह दिसतोच. बरगड्यांच्या आरपार मागचा समुद्र दिसायला हवा असेल तर बाहुलीच लागते. जे काम या एका माणसाला इतरांहून चांगलं येत होतं, ते करण्यावाचून गत्यंतर नाही अशी ही निवड होती. म्हणून ती मला फार आवडते.

मग प्रश्न उरला संख्येचा. दोन? तीन? प्रत्येक सांगाडा वाढला की काम त्याच पटीत वाढतं असं नाही, त्याहून जास्त वाढतं. कारण नुसती हालचाल करून भागत नाही. कोण कुणाच्या पुढे, कोण मागे, कुणाची तलवार कुठल्या फ्रेमला कुणाच्या ढालीवर, हे सगळं एकाच वेळी डोक्यात ठेवावं लागतं. ठरले सात, तिघांविरुद्ध.

## पहिला कळीचा निर्णय: कथा मोडायची

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्याला इथे त्रास होईल. चित्रपटात दात ड्रॅगनचे नाहीत, हायड्राचे आहेत. हायड्रा तर हर्क्युलिसच्या कथेतली. काव्यात लोकरीची राखण कधी न झोपणारा ड्रॅगन करतो. त्याच्या जागी सात डोक्यांची हायड्रा आली, आणि दात ओघाने तिचेच झाले. काव्यात ब्राँझचा राक्षस टालोस परतीच्या वाटेवर क्रीटच्या किनाऱ्यावर भेटतो आणि मिडिया आपल्या मंत्रविद्येने त्याला संपवते. चित्रपटात तो पहिल्या निम्म्यातच उभा ठाकतो आणि जेसन त्याच्या टाचेचं झाकण उघडून त्याला मारतो.

टालोसची जागा बदलणं मला पूर्ण पटतं. तो राक्षस अवजड आहे. हॅरीहाउसेनने त्याची चाल मुद्दाम ताठर, धातूच्या सांध्यांनी कुरकुरत असल्यासारखी ठेवली. तो मान वळवतो तो क्षण आठवा: इतका वेळ पुतळा समजलेली वस्तू आपल्याकडे बघते. आधी हा जडपणा, मग हार्पींची फडफड, मग हायड्राच्या सात मानांची सळसळ आणि शेवटी हलके, चपळ, पिसाळलेले सांगाडे. चित्रपटभर राक्षसांचा वेग चढत जातो. हा क्रम उलटा झाला असता तर सात सांगाड्यांनंतर टालोस कंटाळवाणा वाटला असता.

धोंड्याची युक्ती काढून टाकणं मात्र मला आजही खटकतं. त्याबद्दल पुढे.

## दुसरा कळीचा निर्णय: आधी माणसांची तालीम

पूर्ण प्रकरणात काही एक गोष्ट उचलून घ्यावी असं मला विचारलं, तर मी ही सांगेन.

लढाई आधी माणसांनी लढली. फर्डिनांडो पोजी या इटालियन स्टंट-दिग्दर्शकाच्या मदतीने प्रत्येक वार, प्रत्येक टाळणी बसवली गेली. सांगाड्यांच्या जागी स्टंटमन उभे राहिले आणि कोण कुठला सांगाडा हे कळावं म्हणून त्यांच्या अंगावर आकडे होते. तीन नट आणि सात आकडे यांची तालीम होत राहिली. सगळं अंगवळणी पडल्यावर आकडे बाजूला झाले, आणि तिन्ही नटांनी तीच लढाई हवेशी लढली.

हवेशी लढणं किती अवघड, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. तलवार जोरात फिरवायची आणि जिथे ढाल असायला हवी नेमक्या त्याच ठिकाणी ती अडली असं दाखवत थांबवायची. हातात वजन, समोर काहीच नाही. नजर त्याच जागी ठेवायची जिथे काही महिन्यांनंतर कवटी येणार आहे. नटाची नजर वीतभर जरी चुकली तरी पुढचं सगळं काम वाया. जेसन झालेला टॉड आर्मस्ट्राँग पडद्यावर बोलतो तो आवाज त्याचा नाही, दुसऱ्या नटाचा आहे, आणि त्याच्या अभिनयाबद्दल फारसं चांगलं कुणी लिहीत नाही. पण या प्रसंगात त्याचं शरीर आणि डोळे चोख काम करतात. त्याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

या तालमीमुळे हॅरीहाउसेनच्या हातात पडलेल्या चित्रफितीत अर्धी लढाई आधीच खरी होती. त्याला उरलेली अर्धी भरायची होती.

## प्रत्यक्ष काम

सातपैकी एक सांगाडा नवा नव्हता. सिंदबादशी लढलेलाच पुन्हा कामाला लागला. बाकीचे सहा नवे केले. आत धातूचे सापळे, खांद्याला-गुडघ्याला वाटीत गोळी बसवलेले सांधे, म्हणजे ज्या कोनात ठेवाल त्या कोनात अवयव थांबून राहतो.

त्याची पद्धत 'डायनामेशन' या नावाने ओळखली जाते. कल्पना ऐकायला साधी आहे. बाहुल्यांच्या टेबलामागे एक पडदा. त्यावर मागच्या बाजूने इटलीत घेतलेली चित्रफीत एकेक फ्रेम थांबवून टाकायची. कॅमेऱ्यासमोर काच, आणि त्या काचेवर चित्राचा पुढचा भाग, समजा पुढचे दगड, काळ्या रंगाने झाकायचा. बाहुली हलवा, एक फ्रेम घ्या, मागचं चित्र एक फ्रेम पुढे सरकवा, पुन्हा बाहुली हलवा. पूर्ण शॉट झाला की फिल्म मागे गुंडाळायची, आधी उघडा होता तो भाग झाकायचा, आणि काळ्या राहिलेल्या जागी पुढचे दगड चित्रित करायचे. बाहुली आता मागचा नट आणि पुढचे दगड यांच्या मधोमध बसते. एकाच नळीतून दोनदा गाळल्यासारखं हे चित्र असतं. दाणे थोडे वाढतात, रंग किंचित बदलतो. म्हणून लक्ष देऊन पाहिलं तर चित्रपटात राक्षस कधी येणार हे क्षणभर आधी कळतं, कारण चित्राचा पोत बदलतो. काही जणांना तो दोष वाटतो. मला ती चाहूल वाटते.

आता हिशेब. प्रत्येक सांगाड्याचे निदान पाच अवयव हलवायचे: दोन हात, दोन पाय, मुंडकं. सात सांगाडे एका चौकटीत असले की एका फ्रेमसाठी ३५ हालचाली, आणि प्रत्येक हालचाल केसभर. पडद्यावरच्या एका सेकंदाला २४ फ्रेम. हॅरीहाउसेनची सरासरी दिवसाला १३ फ्रेम पडली. म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत राबून हाताला लागायचा जेमतेम अर्धा सेकंद.

आणि झालेलं काम पाहायची सोय नव्हती. आज मागच्या दहा फ्रेम कॉम्प्युटरवर फिरवून बघता येतात. तेव्हा फिल्म धुऊन येईपर्यंत सगळं डोक्यात. तिसऱ्या सांगाड्याचा उजवा हात वर जातोय की खाली येतोय, पाचव्याने पाऊल टाकलं की नुसतं उचललं, हे लक्षात ठेवायचं. हे काम तो एकटाच करायचा. मदतनीस ठेवला असता तर बोलण्यात लक्ष गेलं असतं.

मराठी वाचकाला इथे फाळके आठवावेत. १९१२ मध्ये दादासाहेबांनी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ रोज एक फ्रेम घेऊन महिनाभराहून जास्त काळ टिपली होती, आणि त्या फितीच्या जोरावर पुढच्या चित्रपटासाठी भांडवल मिळवलं होतं. नंतर त्यांनी आगपेटीच्या काड्याही अशाच हलवल्या. फ्रेम थांबवली की वेळ आपल्या हातात येतो, हा शोध ज्याला लागतो त्याला बहुधा तो सुटत नाही.

सांगाडे नुसते हलत नाहीत, ते अभिनय करतात. एकाला वार चुकल्याचा राग येतो. एक दबा धरतो. यांना चेहरा नाही, भुवया नाहीत, ओठ नाहीत. जबडा आणि पाठीचा कणा एवढ्याच भांडवलावर हे उभं करायचं होतं. तलवारबाजी समजावी म्हणून हॅरीहाउसेन स्वतः सिंदबादच्या वेळी तलवार शिकला होता, त्याचा उपयोग इथे दिसतो. वार करण्याआधी सांगाड्याचं वजन मागच्या पायावर जातं. बाहुलीला वजन नसतं. ते दाखवणाऱ्याच्या अंगात असावं लागतं.

शेवटी बर्नार्ड हर्मनचं संगीत. या चित्रपटासाठी त्याने व्हायोलिनसारखी गजाने वाजणारी तंतुवाद्यं पूर्ण वगळली. पितळी वाद्यं, लाकडी फुंकवाद्यं, तालवाद्यं, वीणेसारखी हार्प. व्हायोलिनचा मऊपणा कुठेच नसल्यामुळे हाडांचा खडखडाट कानात घुमत राहतो.

## काय निष्पन्न झालं

ब्रिटनच्या सेन्सॉरने या वेळी सांगाडे कापले नाहीत. सगळ्यांना पाहता येईल असं प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे प्रेतांऐवजी हाडं घेण्याचा निर्णय सार्थकी लागला.

धंदा मात्र अपेक्षेप्रमाणे झाला नाही. एवढे कष्ट, एवढा काळ, आणि प्रेक्षकांनी फलक बघून मान फिरवली: आणखी एक ग्रीक वीर. त्या वर्षीच्या ऑस्करमध्ये विशेष दृश्य परिणामांच्या विभागात 'क्लिओपात्रा' आणि 'द बर्ड्स' यांना नामांकन मिळालं, आणि पुरस्कार 'क्लिओपात्रा'ला. सात सांगाड्यांचं नाव यादीतसुद्धा नव्हतं. हे वाचताना मला अजून वाईट वाटतं.

ज्या मुलांनी हा प्रसंग थिएटरात आणि नंतर टीव्हीवर पाहिला, त्यांच्यातून पुढे चित्रपट बनवणारी एक पिढी निघाली. २००१ सालच्या 'मॉन्स्टर्स, इन्क.'मध्ये राक्षसांच्या गावातल्या हॉटेलाला हॅरीहाउसेनचं नाव दिलेलं दिसतं. १९९२ मध्ये ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्याला तंत्रज्ञानातल्या आयुष्यभराच्या योगदानाचा गॉर्डन ई. सॉयर पुरस्कार दिला. त्या समारंभात टॉम हँक्स जे म्हणाला त्याचा आशय असा: कुणी 'कॅसाब्लांका' म्हणेल, कुणी 'सिटिझन केन', पण आजवरचा सर्वांत महान चित्रपट 'जेसन अँड द आर्गोनॉट्स'. एकोणतीस वर्षं उशिरा का होईना, दखल घेतली गेली.

## काय वेगळं करता आलं असतं

पहिली गोष्ट नावाची. सुरुवातीला चित्रपटाचं नाव 'जेसन अँड द गोल्डन फ्लीस' होतं. त्याच विषयावर एक इटालियन चित्रपट आला म्हणून ते बदललं. बदल झाला तोही एका ग्रीक नावाकडून दुसऱ्या ग्रीक नावाकडे. ज्या गर्दीत आपण हरवू अशी भीती होती, नाव त्याच गर्दीत जाऊन बसलं. सिंदबादच्या वेळी राक्षस पुढे होते आणि कथा मागे. इथे सात सांगाडे कुणाकडेच नव्हते, आणि ते आहेत हे कळायला तिकीट काढून शेवटपर्यंत बसावं लागत होतं.

दुसरी गोष्ट, शेवट. सांगाडे तर आधीच मेलेले, त्यांना मारणार कसं? जेसनचे दोन्ही साथीदार मरतात, तो कड्यावरून समुद्रात उडी घेतो, सांगाडे त्याच्यामागे पाण्यात पडतात, आणि लढाई संपते. तो पळून सुटतो, एवढंच. काव्यातल्या जेसनने धोंडा फेकून शत्रूला शत्रूशी लढवलं होतं. ती बुद्धी इथे राखता आली असती. कल्पना करा: सात सांगाडे एकमेकांवर तुटून पडताहेत. हॅरीहाउसेनला ते काम आणखी अवघड गेलं असतं, कारण एकाही चौकटीत माणसाचा आधार नसता. तरी नायक नायक म्हणून उभा राहिला असता.

तिसरी गोष्ट पेलियसची. राज्य बळकावणारा तो राजा, ज्याच्यामुळे सगळा प्रवास सुरू झाला, त्याचा हिशेब चित्रपटात चुकताच होत नाही. ऑलिंपसवर बसून पटावर माणसांचे मोहरे सरकवणारा देवांचा राजा झ्यूस शेवटी म्हणतो की जेसनसाठी आणखी साहसं वाट पाहताहेत, खेळ पुढे चालू ठेवू. पुढचा भाग कधी आला नाही. कथेचा मुख्य धागा लोंबकळत राहिला. तो पट मला फार आवडतो, कारण छोट्या मूर्ती बोटांनी सरकवणारे ते देव आणि टेबलाशी वाकून सांगाडे सरकवणारा तो माणूस एकच काम करताहेत. पण पटकथाकारांनी मोहरे सरकवताना एक मोहरा विसरायला नको होता.

चौथी गोष्ट मरणाऱ्या दोन साथीदारांची. फॅलेरस आणि कॅस्टर. त्यांना आधीच्या प्रवासात दोन-चार वाक्यं जास्त मिळाली असती, तर सांगाड्यांच्या तलवारीला धार आली असती. आर्गोवरचा हायलस टालोसखाली सापडतो तेव्हा वाईट वाटतं, कारण त्याच जहाजावरच्या हर्क्युलिसशी त्याची मैत्री आपण पाहिलेली असते. इथे तसं काही होत नाही. आपण फक्त हालचालीचं कौशल्य बघत राहतो.

हॅरीहाउसेन या प्रसंगातून काय शिकला, हे दहा वर्षांनी दिसतं. १९७३ सालच्या 'द गोल्डन व्हॉयेज ऑफ सिंदबाद'मध्ये सहा हातांची कालीची मूर्ती जिवंत होते आणि सहाही हातांत तलवारी घेऊन लढते. भारतीय प्रेक्षकाला ती काली ओळखीची वाटते आणि परकीही. इथे त्याने सात देह घेतले नाहीत, एकच देह घेतला आणि हात वाढवले. पुढे-मागे कोण हा गोंधळ संपला, तलवारींचा मारा मात्र तेवढाच राहिला. तालमीची पद्धत त्याने सोडली नव्हती. स्टंटमन एकमेकांना बांधून, सहा हात एका ठिकाणाहून निघतील असे उभे केले होते, आणि नटांनी आधी त्यांच्याशीच तलवार चालवून पाहिली होती.